पाइप भिंतीत शिरतो ती जागा आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा वाईचा. गेली २१ वर्षं अमेरिकेत व्हर्माँट राज्यात राहतोय, पण सकाळचा चहा आणि तुमचा पेपर ही सवय काही सुटलेली नाही, आता कागदाऐवजी फोनवर वाचतो. परवाच्या रविवार पुरवणीत डोंगरातल्या फार्महाऊसच्या सजावटीवर पानभर लेख होता, छान होता, फोटोही सुंदर होते. पण त्यातला एक फोटो बघितला आणि माझा चहा तसाच गार झाला. कोपऱ्यात काळा बिडाचा लाकडाचा स्टोव्ह, आत ज्वाळा, शेजारी टोपलीत लाकडं रचलेली, आणि स्टोव्हच्या डोक्यावरून निघालेला पाइप एक वळण घेऊन सरळ सागवानी पॅनेलिंगमध्ये घुसलाय. पॅनेलिंगला गोल भोक पाडायचं आणि त्यात पाइप खुपसायचा, एवढंच केलंय. भोवती वीट नाही की मोकळी जागा नाही. बाजूच्या खिडकीचा पडदा पाइपपासून फार तर वीतभर. खाली ओळ होती की हिवाळ्यात ऊब आणि घराला विंटेज लूक.

संपादक साहेब, तो फोटो बघून अजून दहा लोक आपल्या सुताराला दाखवणार आणि अस्संच पाहिजे म्हणणार, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्टोव्ह म्हटलं की आपल्याकडे रॉकेलचा स्टोव्ह डोळ्यासमोर येतो, आणि चिमणी म्हटलं की आता गॅसच्या ओट्यावरची इलेक्ट्रिक चिमणी. मी बोलतोय ते बंद दाराच्या बिडाच्या शेगडीबद्दल, काश्मीर-हिमाचलात जिला बुखारी म्हणतात तिचीच ही दणकट बहीण. तिच्यातून धूर एका लोखंडी पाइपने निघतो आणि तो पाइप भिंतीतून किंवा छतातून जाऊन धुरांड्याला जोडला जातो. स्टोव्ह स्वतः तसा सुरक्षित असतो, बीड जाड असतं, दार घट्ट असतं. घरं पेटतात ती बऱ्याचदा या पाइपमुळे, आणि त्यातही पाइप जिथं भिंतीत शिरून धुरांड्याला मिळतो त्या दोन-तीन फुटांत. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

२००७चा जानेवारी. आम्ही नुकतंच इथं एक जुनं लाकडी घर घेतलं होतं, आधीच्या मालकांचा स्टोव्ह घरातच होता, विटांची चिमणी बाहेरच्या भिंतीला लागून. पाइप गंजला होता म्हणून एका हँडीमनकडून नवीन बसवून घेतला. काम दोन तासांत झालं, पैसे दिले, विषय संपला. पंधरा दिवसांनी पाइपच्या जोडांमधून तपकिरी ओघळ यायला लागले, डांबरासारखे चिकट, आणि खोलीत सतत जळका आंबूस वास. बायको म्हणाली हे बरोबर दिसत नाही. मी म्हटलं नवीन पाइप आहे, रंग जळत असेल. नव्या पाइपचा रंग पहिल्यांदा तापताना जळतो हे खरं आहे, पण त्याचा ओघळ येत नाही, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

एका रात्री साडेअकराच्या सुमाराला, बाहेर उणे २० असेल, भिंतीतून आवाज यायला लागला. कसा सांगू, बोगद्यातून आगगाडी येताना लांबून जसा घरघराट ऐकू येतो तसा, आणि तो वाढतच चालला. पाइप खालून लालसर झाला होता आणि थरथरत होता. मी स्टोव्हची हवा बंद केली, ९११ला फोन लावला, आणि चार वर्षांच्या मुलीला रजईसकट उचलून बायकोला घेऊन बाहेर बर्फात उभा राहिलो. चिमणीच्या तोंडातून ठिणग्यांचा नुसता झाड पेटल्यासारखा झोत. अग्निशमनवाले आठ-दहा मिनिटांत आले. त्यांनी पाणी नाही मारलं, कारण तापलेल्या चिमणीवर एकदम पाणी पडलं तर आतलं अस्तर तडकतं. वर चढून कोरड्या पावडरच्या पिशव्या आत टाकल्या आणि आग विझवली.

पण ते तेवढ्यावर निघून गेले नाहीत. एकाने उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीवर फिरवला आणि पाइप जिथं भिंतीत शिरत होता तिथं थांबला. मग त्यांनी आतून लाकडी फळ्या उचकटल्या. आत भिंतीचा सांगाडा, उभी लाकडी खांबणी, पाइपच्या मातीच्या नळकांड्यापासून जेमतेम चार बोटं लांब. ती खांबणी कोळसा झाली होती. म्हणजे पेटलेली नव्हती, कोळसा झालेली होती. मी बोट लावलं तर वरचा थर भुसभुशीत होऊन हातात आला, चुलीतल्या विझलेल्या निखाऱ्यासारखा, आणि आतून अजून कोमट. तो फायरमन म्हणाला की हे आजचं नाही, हे कित्येक वर्षांचं भाजणं आहे, आज तुम्ही जागे होतात म्हणून बोलतोय. तो कोळशाचा तुकडा मी अजून एका बरणीत ठेवलाय.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. इथं चिमणी साफ करणारे आणि तपासणारे प्रशिक्षित लोक असतात, त्यातल्या एका म्हाताऱ्याबरोबर दोन सीझन रविवारी हेल्पर म्हणून फिरलो, शिड्या धरल्या, काजळी उपसली. त्याच्याकडून शिकलो ते सांगतो.

लाकूड कसं पेटतं याबद्दल आपली एक समजूत असते की ज्वाळा लागली तरच. तसं नाहीये. कोरडं नवं लाकूड पेट घ्यायला साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस लागतात, पण तेच लाकूड रोज, महिनोन्महिने, मंद मंद भाजत राहिलं की आतून बदलत जातं, काळवंडतं, आणि मग फार कमी तापमानालाही धुमसायला लागतं. म्हणून दोन वर्षं वापरतोय, काही झालं नाही, या म्हणण्याला काही अर्थ नाही. उलट दर वर्षी ते लाकूड आगीच्या जवळ सरकतंय. आणि एकेरी पत्र्याचा पाइप नेहमीच्या वापरातसुद्धा बाहेरून सव्वाशे ते अडीचशे अंश तापतो, हात लावून बघायची गोष्ट नाही.

म्हणून इथला जो नियम आहे, एनएफपीए या अमेरिकेतल्या आगीपासून संरक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं २११ क्रमांकाचं मानक, ते म्हणतं की एकेरी पत्र्याच्या पाइपपासून कुठलंही जळणारं सामान, लाकूड, पडदा, फॉल्स सीलिंग, सोफा, १८ इंच लांब पाहिजे. १८ इंच म्हणजे आपला जुना एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मोजायला टेपसुद्धा लागत नाही. तुमच्या फोटोत पडदा वीतभर लांब आणि लाकूड तर चिकटलेलंच. मधे हवा असलेला दुहेरी पत्र्याचा पाइप घेतला तर हे अंतर कमी चालतं, किती ते त्या पाइपवर कंपनीने छापलेलं असतं, तेच धरायचं. काही जण लाकडी भिंतीवर टाइल नाहीतर सिमेंट शीट चिकटवून मोकळे होतात, त्याने काहीही होत नाही, उष्णता टाइलमधून मागच्या लाकडात जाते, उलट भाजतंय ते दिसत नाही. पत्रा लावायचाच तर भिंतीपासून एक इंच फट सोडून लावायचा, खालून वरून उघडा, म्हणजे मधून गार हवा वाहती राहते.

भिंतीतून पाइप नेणं ही सगळ्यात नाजूक गोष्ट. एकेरी पाइप लाकडी भिंतीतून, पार्टिशनमधून, माळ्यावरून, कपाटातून असा कधीच न्यायचा नाही. भिंतीत जिथून जाणार तिथं एक बाही बसवावी लागते, इथं त्याला थिंबल म्हणतात. मातीचं भाजलेलं नळकांडं आणि भिंत लाकडाची असेल तर त्याच्या चारी बाजूंनी १२ इंच भरीव वीटकाम, किंवा मग याच कामासाठी बनवलेली तयार धातूची बाही. आमच्या भिंतीत नळकांडं होतं, वीट नव्हती, कुणीतरी कधीतरी पैसे वाचवले होते. पाइप त्या बाहीतून जाऊन धुरांड्याच्या आतल्या भिंतीला बरोब्बर समतल संपला पाहिजे. आखूड राहिला तर गरम धूर भिंतीच्या पोटात खेळतो. जास्त आत घुसला तर धुरांड्याचा रस्ता अडतो, आणि त्या बाहेर आलेल्या ओठावर काजळी साठत जाते. आमच्या हँडीमनने पाइप तीन इंच आखूड ठेवला होता आणि कडेला काचेची लोकर कोंबून वरून प्लास्टर फासलं होतं, बाहेरून एकदम गुळगुळीत.

आता ते ओघळ. पाइपच्या प्रत्येक तुकड्याचं एक टोक चुण्या पाडून थोडं बारीक केलेलं असतं, आपले प्लंबर ज्याला मेल म्हणतात ते. हे चुणीचं टोक खाली, स्टोव्हच्या दिशेला पाहिजे, म्हणजे वरचा तुकडा खालच्याच्या आत बसतो. लोकांना हे उलटं वाटतं, कारण कौलं घालताना आपण वरचं कौल खालच्याच्या अंगावर टाकतो, पाणी बाहेरून वाहून जावं म्हणून. इथं ओघळ आतून येतो, त्याला आतल्या आत खाली स्टोव्हमध्ये पडू द्यायचं, तिथं तो जळून जातो. मग जोडातून धूर नाही का गळणार, असं प्रत्येक जण विचारतो. नाही गळत, कारण धुरांडं ओढत असतं, पाइपच्या आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो, फटीतून धूर बाहेर यायच्या ऐवजी खोलीतली हवा आत जाते. धूर बाहेर येत असेल तर दोष जोडाचा नसतो, धुरांडं ओढत नाहीये.

प्रत्येक जोडाला कमीत कमी तीन स्क्रू. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या रात्री आमचा पाइप जो थरथरत होता, त्याला एकही स्क्रू नव्हता, घट्ट बसलाय म्हणून सोडून दिला होता. चिमणीला आग लागते तेव्हा पाइप अक्षरशः नाचतो, एक जोड निसटला की ती आग खोलीत. आडवा पाइप जितका कमी तितका बरा, आणि जो आडवा असेल त्याला धुरांड्याकडे चढ पाहिजे, दर फुटाला पाव इंच तरी. काटकोनी वळणं दोनाच्या वर नकोत. धुरांड्याचं तोंड जिथून छपराबाहेर येतं तिथून कमीत कमी तीन फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, कौलाची मोभ, शेजारची भिंत, पाण्याची टाकी, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. नाहीतर वारा फिरला की धूर उलटा घरात.

ओघळ येतो कुठून, तर ओल्या लाकडातून. लाकूड नीट न जळता धुमसलं की धुरात डांबर राहतं, तो धूर पाइपमध्ये १२० अंशांच्या खाली गार झाला की ते डांबर भिंतीला चिकटतं. त्याला क्रिओसोट म्हणतात, आधी काजळीसारखं, मग पापुद्र्यासारखं, मग काळ्या काचेसारखं चकचकीत. हा थर पेटला की चिमणीत हजार अंशांच्या वर तापमान जातं. बरेच लोक रात्रभर ऊब राहावी म्हणून झोपताना स्टोव्ह ओल्या ओंडक्यांनी भरतात आणि हवा पार कमी करतात, तेव्हा हेच तयार होत असतं. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. फोडून, वरून झाकून, बाजूने वारा लागेल असं किमान एक उन्हाळा वाळवलेलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, वाळलेलं टणटण वाजतं, ओलं धप्प. आणि वर्षातून एकदा, सीझनच्या आधी, धुरांडं तपासून घ्यायचं, आत पाव इंचाच्या निम्मा थर जमला तरी ब्रश मारायचा.

आता हे सगळं तुमच्या वाचकांना का सांगतोय, ते. या जानेवारीत मी महिनाभर घरी आलो होतो. तुम्ही दर वर्षी बातमी देता ना, महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठले, त्याच आठवड्यात. माझ्या धाकट्या भावाने दोघा मित्रांबरोबर पाचगणीत एक जुना बंगला होमस्टेसाठी चालवायला घेतलाय, जांभ्या दगडाचा, इंग्रजांच्या काळातला, दिवाणखान्यात भली मोठी फायरप्लेस. पाहुण्यांना आवडेल म्हणून त्याने शेजारच्या खोलीत लाकडाचा स्टोव्ह आणून ठेवला होता आणि मधल्या लाकडी पार्टिशनमधून पाइप नेऊन त्या जुन्या धुरांड्यात सोडला होता. मला म्हणाला, दादा तू आल्यावर पहिल्यांदा पेटवायचं ठरवलंय, तुझ्या हस्ते.

मी आत गेलो आणि त्याला म्हटलं काडी खाली ठेव.

पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, चकचकीत, आणि चार इंची. स्टोव्हचं तोंड सहा इंची. फॅब्रिकेटरने रिड्युसर लावून उतरवलं होतं, कारण चार इंची पाइप दुकानात होता. सहा इंची गोलाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, चार इंचीचं साडेबारा. म्हणजे धुराचा रस्ता निम्म्याहून कमी केला, बाकीचा धूर खोलीतच येणार. वाटेत पाइप बारीक कधीच करायचा नाही. आणि जीआय पाइप स्टोव्हला लावायचाच नाही, जस्त ४२० अंशांना वितळतं, पाइप फार तापला तर त्याची वाफ श्वासात जाते आणि पाइप उघडा पडून लवकर सडतो. साधा काळा लोखंडी पत्रा, सहा इंचीसाठी २४ गेज जाडीचा, किंवा स्टेनलेस. पूर्वी गावोगाव धूरविरहित चुली बसवल्या तेव्हा सिमेंटचे पाइप वापरले, ते चुलीपुरतं ठीक होतं, बंद स्टोव्हच्या उष्णतेला ते तडकतात, ते पण नको.

पार्टिशनमधून पाइप कसा नेला होता ते सांगायला नकोच, तुमच्या फोटोसारखा. आणि दुसऱ्या टोकाला तो त्या प्रचंड धुरांड्यात नुसता लोंबकळत होता. मी टॉर्च घेऊन फायरप्लेसमध्ये वाकून वर बघितलं तर आभाळ दिसेना. काठीने ढोसलं तर वाळलेली पानं, काड्या, पिसं, एक अख्खं घरटं आणि पोतंभर चुना खाली आला. दगडांच्या सांध्यांमधला चुना कुजला होता, बोटाने खरवडला तरी पीठ पडत होतं. रात्री आम्ही एक बल्ब वायरला बांधून वरून धुरांड्यात सोडला आणि दोघं माळ्यावर अंधारात जाऊन बसलो. दोन ठिकाणी दगडांच्या फटीतून उजेड बाहेर येत होता, आणि त्यातली एक फट बरोबर तुळईच्या टोकाशी, सागाची तुळई थेट धुरांड्याच्या दगडात रोवलेली. भाऊ काही बोलला नाही, बराच वेळ त्या उजेडाकडे बघत बसला.

त्याच्या आधी संध्याकाळी मात्र त्याने वाद घातला होता, आणि तो वाद बरेच जण घालतील म्हणून लिहितो. तो म्हणाला, आईने आयुष्यभर चूल पेटवली, माजघरात वर लाकडी आढं, भिंती धुराने काळ्या, घर कुठं पेटलं? न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, रोज लाकडं घालायचो, काही झालं का? प्रश्न बरोबर आहे. पण चूल उघडी असते, तिचा धूर खोलीभर पसरून गार होत होत कौलांच्या फटीतून निघतो, आढ्यापर्यंत पोचेतो त्यात ऊब फारशी राहिलेली नसते. त्याची किंमत आईच्या डोळ्यांनी आणि छातीने दिली, ती वेगळी. बंबाची नळी मधून जाते आणि तिच्या भोवती पाणी असतं, सगळी उष्णता पाणी घेतं. बंद स्टोव्हमध्ये तीच सगळी उष्णता एका सहा इंची पाइपमध्ये कोंबली जाते आणि तो पाइप आपण लाकडातून नेतो.

आणि दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. गॅस गीझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीच छापता, थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही हे पण छापता. धुरांडं घरट्याने तुंबलेलं, पाइप अर्धा, आणि पाहुणे थंडी म्हणून खिडक्या लावून झोपलेले, तर तिथं दुसरं काय होणार होतं? या वायूला रंग नाही, वास नाही, ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त ओढीने तो रक्ताला चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण असेल, आणि झोपतो. याचा अलार्म मिळतो, तळहाताएवढा, ऑनलाइन मागवता येतो. स्टोव्हच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोल्यांबाहेर एक, हे मी भावाकडून स्टोव्हच्या आधी घेववलं.

फॅब्रिकेटरला दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्याच्यावर मला अजिबात राग नाही, हे मुद्दाम लिहितो. माणूस हुशार, वेल्डिंग बघण्यासारखं, सोलरचे पाइप आणि शेड करतो, हे काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं आणि त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. स्टोव्ह विकणाऱ्याने स्टोव्ह टेम्पोत घालून दिला, सोबत एक कागद नाही. मी त्याला चुणीचं टोक खाली का ते दाखवलं, तर त्याने लगेच विचारलं की मग वळणावर साठणारी काजळी काढायला तिथं उघडता येणारं झाकण द्यायचं का? द्यायचंच, अगदी बरोबर, वळणाच्या जागी टीच्या आकाराचा जोड वापरून खालून टोपण. इतकं चांगलं समजणाऱ्या माणसाला आपण नुसता एक फोटो दाखवून, असं करून दे, म्हणतो, हे मला लागलं.

मग ठरलं ते असं. स्टोव्ह शेजारच्या खोलीतून काढून फायरप्लेसच्या तोंडाशीच आणायचा, म्हणजे लाकडी पार्टिशन ओलांडायचा प्रश्नच संपला. जुनं धुरांडं आतून १२ बाय १२ इंचाचं, म्हणजे १४४ चौरस इंच, स्टोव्हच्या पाइपच्या पाचपट. एवढ्या मोठ्या पोकळीत धूर गार पडतो, ओढ राहत नाही, सगळं डांबर दगडाला चिकटतं. म्हणून त्याच्या आतून वरपर्यंत सहा इंची स्टेनलेस स्टीलचा सलग पाइप सोडायचा, भोवती सिरॅमिक लोकरीचं वेष्टन, खाली तो थेट स्टोव्हच्या तोंडाला जोडायचा, वर टोपी आणि पक्ष्यांसाठी जाळी. फायरप्लेसच्या घशाशी पत्र्याचं झाकण, म्हणजे खोलीतली ऊब मोठ्या धुरांड्यातून उडून जात नाही. तुळईच्या टोकाची फट गवंड्याकडून नीट भरून घ्यायची. त्या धुरांड्यात दुसरं काहीही सोडायचं नाही, गॅस गीझर नाही, तंदूर नाही, एका धुरांड्याला एकच चूल. स्टोव्हखाली फरशी, आणि दारासमोर दीड फूट फरशी पुढे आलेली, ठिणगी उडाली तर जाजमावर पडायला नको. राखेसाठी झाकणाचा लोखंडी डबा, तो बंगल्याबाहेर दगडावर ठेवायचा, कारण राखेत निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात, प्लॅस्टिकच्या बादलीत राख काढून घर जाळून घेतलेले लोक इथं अमेरिकेत आहेत.

खर्च वाढला, हो. स्टोव्हच्या किमतीएवढाच आणखी गेला. भाऊ दोन दिवस गप्प होता, मग म्हणाला चालेल.

संपादक साहेब, आता तुमच्याकडे मागणं. तो फोटो ज्या पानावर आला होता त्याच पानावर, त्याच आकारात, एक चौकट छापा की पाइप लाकडातून नेऊ नका, एक हात अंतर सोडा, पेटवण्याआधी धुरांडं आतून बघा आणि खोलीत अलार्म लावा. सजावटीचे लेख लिहिणाऱ्यांनी एवढं विचारून घेतलं पाहिजे की पाइप भिंतीच्या आत कुठं जातो, फोटो काढताना नेमका तोच भाग दिसत नाही. पाचगणी, महाबळेश्वर, लोणावळा, तोरणमाळ, जिथं जिथं आता होमस्टे होतायत आणि असे स्टोव्ह येतायत तिथल्या नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी परवान्याच्या वेळी स्टोव्ह आहे का, असेल तर धुरांडं कुणी तपासलं, एवढे दोन प्रश्न फॉर्मात घालावेत. विकणाऱ्यांनी स्टोव्हबरोबर मराठीत एक कागद द्यावा, लिहून द्यायला कुणी नसेल तर मी फुकट लिहून देतो, माझा पत्ता तुमच्या कार्यालयाकडे आहे.

आणि ज्यांच्याकडे स्टोव्ह आधीच बसलाय त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर, तो पूर्ण गार असताना, पाइप भिंतीत शिरतो तिथलं पॅनेलिंग जरा सोडवून बघा. लाकूड चॉकलेटी झालं असेल, वास येत असेल, नखाने उकरून काळी पूड निघत असेल, तर त्या स्टोव्हमध्ये परत लाकूड घालू नका, आधी भिंत उघडा.

भावाच्या बंगल्यात तो चार इंची पाइप अजून व्हरांड्यात पडलाय. स्टीलचा पाइप पुण्याहून यायचाय, गवंडी पावसाळ्यानंतर येतो म्हणालाय. मी नोव्हेंबरात पुन्हा येतोय, तोवर पेटवायचा नाही असं त्याने कबूल केलंय.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ गाव वाई, सध्या मुक्काम व्हर्माँट)